घरघंटीचं गिऱ्हाईक

किस्से हे श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांसारखे असतात. एक टाकवत नाही म्हणून धुऊन ठेवायचा, मग दुसरा, मग तिसरा, आणि एक दिवस कपाट उघडलं की सगळे अंगावर! गेल्या दिवाळीनंतर आमच्या बिल्डिंगमध्ये जे पंधरा दिवस गेले, त्यांचं माझ्याकडे तसंच झालंय. भाजीवालीला दोन सांगितले, बहिणीला फोनवर चार सांगितले, तरी कपाट भरलेलंच. म्हटलं, एकदा लिहूनच काढावं.

आधी माझ्याबद्दल. मी मंदा. वारज्यातल्या आमच्या चार मजली, बिनलिफ्टच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहते. ओट्यापुढची खिडकी थेट गेटवर उघडते. त्यामुळे कोण आलं, कोणाकडे आलं, येताना हातात काय होतं आणि जाताना ते होतं का, हे मला आपोआप कळतं. मी काही मुद्दाम बघत नाही! शिक्षण दहावी, तेही गणितात कसंबसं. पण माणसाला चार प्रश्न विचारले की तो कुठला आणि कशाला आलाय ते मला समजतं. तिसऱ्या मजल्यावरचे साठे सर, गणिताचे निवृत्त मास्तर, एकदा मीटिंगमध्ये म्हणाले होते, "सीसीटीव्ही कशाला बसवता? त्याला नुसतं दिसतं. मंदाताई विचारतातसुद्धा!"

मी ते कौतुक म्हणून घेतलं.

*

दुसऱ्या मजल्यावर शमीम भाभी राहतात. माहेर कसबा पेठेतलं, त्यामुळे मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ. त्यांच्याकडे एक घरघंटी होती. म्हणजे कपाटाएवढी, विजेवर चालणारी घरातलीच पिठाची गिरणी. तिच्यावर भाभी अख्ख्या बिल्डिंगची भाजणी, नाचणी, ज्वारी दळून द्यायच्या. त्यांच्या हातची थालीपिठाची भाजणी अशी, की साठे सरसुद्धा "बरी आहे" म्हणतात. सरांच्या तोंडून "बरी" म्हणजे विद्यापीठाचं सुवर्णपदक!

तर कोपऱ्यावरचा एक गाळा रिकामा झाला आणि भाभींनी ठरवलं, आता आपलं पिठाचं दुकान. गाळ्याची अनामत जमली. मोठ्या गिरणीचेही बरेचसे पैसे जमले. जे कमी पडत होते, ते घरघंटी विकून यायचे होते. गाळ्याच्या मालकाने सांगितलं, "पंधरा दिवस थांबतो. सोळाव्या दिवशी मोबाईल कव्हरवाला तयार आहे."

भाभी मला म्हणाल्या, "मंदाताई, वीस वर्षं दुसऱ्यांच्या डब्यांवर नावं लिहिली. एकदा पाटीवर माझं लिहायचंय."

मग चौथ्या मजल्यावरच्या पूर्वाने, ही आयटीत आहे आणि दिवसभर कानाला काहीतरी लावून असते, घरघंटीचे फोटो काढले आणि जुन्या वस्तू विकायच्या एका ॲपवर टाकले. चार मिनिटांत मेसेज! "इज धिस अवेलेबल?"

पूर्वा म्हणाली, "काकू, फक्त येस लिहा."

भाभींनी लिहिलं, "हो, आहे ना. जरूर या." पुढे पूर्ण पत्ता. पुढे, "दुसरा मजला, दार उघडंच असतं." आणि शेवटी, "मी एकटीच असते, मिस्टर आठला येतात, तरी सावकाश या."

पूर्वाने कानातलं काढून बाजूला ठेवलं. मी तिला कान मोकळा केलेला पहिल्यांदाच पाहिला.

*

तो काही आला नाही. दुसऱ्याचा मेसेज आला. हा फारच गोड! वस्तू न बघता पसंत. किंमत मान्य. "मॅडम, आत्ताच पूर्ण पेमेंट करतो, माणूस उद्या येऊन घेऊन जाईल."

भाभी हरखल्या. जिन्यात साठे सर भेटले, त्यांना सांगितलं. सर दोन पायऱ्या खाली उतरून थांबले.

"घासाघीस?"

"एक रुपयाची नाही!"

"पुण्यात राहतो आणि घासाघीस करत नाही?" सर म्हणाले. "चोर आहे." आणि दूध आणायला निघून गेले.

मी थोड्या वेळाने कढीपत्ता मागायला वर गेले. (माझ्या कुंडीत कढीपत्ता आहे. पण असू दे.) बघते तर भाभींच्या फोनवर त्या माणसाने क्यूआर कोड पाठवलेला. भाभींनी तो फोनमध्ये घेतलेला, आणि आता पिठाच्या बोटाने पिन टाकायच्या बेतात!

मी विचारलं, "भाभी, हे काय?"

"पैसे येतायत ना. तो म्हणाला पिन टाका, की लगेच जमा."

आता मला त्यातलं काय कळतंय? पण प्रश्न विचारायची सवय. म्हटलं, "आपण भाजीवाल्याकडे पिन कधी टाकतो?"

"पैसे देताना."

"आणि तो भाजीवाला?"

भाभी थांबल्या. "तो कुठे टाकतो? त्याचा फोन नुसता बोलतो."

"मग घ्यायला पिन कशाला लागेल?"

भाभींच्या हातातून फोन सुटला तो थेट नाचणीच्या पिठात! त्या खात्यात गिरणीसाठी जमवलेली सगळी रक्कम होती. आम्ही दोघी त्या फोनकडे असं बघत बसलो, जसा तो पिठातून चावायला येणार आहे.

संध्याकाळपर्यंत ही बातमी बिल्डिंगभर झाली. कोणी केली विचारू नका.

*

त्या दिवसापासून आमच्याकडे एक पद्धतच पडली. भाभींना दिवसभरात जे मेसेज येतील, त्यांना परस्पर उत्तर द्यायचं नाही. पाच वाजता खाली पार्किंगमध्ये यायचं. साठे सर मेसेज मोठ्याने वाचणार, पूर्वा घरून काम करत असेल तर तिला तांत्रिक शंका विचारणार, आणि मग उत्तर मी सांगणार. चहा माझ्याकडचा, खारी सरांची. पहिल्या दिवशी आम्ही चौघं होतो, तिसऱ्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या. समोरच्या बिल्डिंगमधले दोघं तर विकायला काही नसताना यायचे!

माझी तपासणी साधी होती. घ्यायला येणाऱ्याला मी माणसासारखं विचारायचे. एकाने सांगितलं, तो कात्रजला राहतो.

मी लिहायला लावलं, "कात्रजला कुठे?"

"मेन रोड."

"कुठल्या बाजूला? घरात माणसं किती?"

"दोन. मॅडम, मी कोड पाठवतो, स्कॅन करा."

"दोन माणसांना घरघंटी कशाला? दळण असं किती लागतं?"

"मॅडम, प्लीज स्कॅन."

"करते हो. पण मिसेस नोकरी करतात का? सासूबाई तुमच्याकडेच की गावाला?"

बराच वेळ तो काहीतरी लिहितोय असं दिसत राहिलं. सगळं पार्किंग फोनवर वाकलेलं. मग उत्तर आलं. सरांनी ते हजेरी घेतात त्या सुरात वाचलं:

"आंटी, आपको मशीन बेचनी है या रिश्ता करना है?"

आणि त्याने आम्हाला ब्लॉक केलं! चोराने! आम्हाला!

*

सर त्या वाचनात सगळ्यांना हसायचे. "लोक फसतात कसे, मला समजत नाही," हे त्यांचं रोजचं वाक्य. आणि मग त्यांनी स्वतःची व्यायामाची सायकल त्याच ॲपवर टाकली. तिचा वापर चौदा वर्षं फक्त टॉवेल वाळवण्यापुरता झाला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांना फोन. "सर, सायकलचा ॲडव्हान्स हजार पाठवायचा होता, चुकून दहा हजार गेले. मेसेज बघा. आई दवाखान्यात आहे सर, नऊ हजार लगेच परत करा."

मेसेज आला होता, दहा हजार जमा. हुबेहूब बँकेसारखा.

आता सर कसे? दुसऱ्याचा खडू चुकून खिशात आला तर शाळेत परत द्यायला जाणारे. पण फोनवरून पैसे पाठवणं त्यांना मान्य नाही. शर्ट खोचला, पासबुक घेतलं, आणि भर उन्हात बँकेत जाऊन रांगेत उभे राहिले.

त्या माणसाचा दर पाच मिनिटांनी फोन. "सर, पाठवले का?"

"रांगेत आहे."

"सर, ऑनलाइन करा ना!"

"मी ऑनलाइन नाही. मी रांगेत आहे. तुम्ही असं करा, इथेच या. मॅनेजरसमोर मोजून देतो, तुम्ही सही करून घेऊन जा."

"सर, आई सीरियस आहे!"

"मग मी दवाखान्यात येतो. वॉर्ड सांगा."

फोन बंद. खिडकीतल्या मुलीने पासबुक भरून दिलं. खात्यात एक रुपया आलेला नव्हता!

संध्याकाळी सर पार्किंगमध्ये आले, खुर्चीवर बसले, चहा घेतला. सर म्हणाले, "फसलो नाही. पण आई खरंच दवाखान्यात असती तर वॉर्ड सांगितला असता, नाही का?" आणि खारी चहात बुडवली. त्यानंतर ते रोजचं वाक्य बंद झालं.

*

एक लहानसा किस्सा. एक जण सलग दोन दिवस कोड पाठवत होता. रोज नवीन नंबर, मजकूर तोच. तिसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा आला. भाभी नमाजाला बसल्या होत्या, फोन माझ्याकडे. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी लिहिलं, "खाना खाया क्या?"

पाच मिनिटं काही नाही. मग: "अभी नहीं."

आणि तो नंबर बंद झाला. पुन्हा त्याचा मेसेज आलाच नाही. हे मी पाच वाजता कोणाला सांगितलं नाही. इथेच पहिल्यांदा सांगतेय.

*

आता माझी चूक. लिहायचं तर तीही लिहायला हवी.

बाराव्या दिवशी सिंहगड रोडवरच्या एक बाई घरघंटी बघायला यायला तयार झाल्या. कोड नाही, ॲडव्हान्स नाही, बोलणं नीट. पण तोवर आम्हाला तपासणीची इतकी चटक लागली होती, की मी भाभींकडून लिहून घेतलं, "आधी तुमचा फोटो पाठवा." त्यांनी पाठवला. मग आधार कार्ड. त्यांनी नंबर झाकून पाठवलं. समोरच्या बिल्डिंगमधला म्हणाला, "कार्ड खोटंही असतं, लाइट बिल मागा." मागितलं! मग मी विचारलं, "मिस्टरांचं ऑफिस कुठे? तिथला कोणाचा नंबर आहे का?"

त्यांचा फोनच आला. स्पीकरवर. "अहो, मी पिठाची गिरणी घेतेय, तुमची मुलगी सून म्हणून नेत नाहीये! राहू द्या." कट.

सगळे हसले. भाभी हसल्या नाहीत. कप खाली ठेवून म्हणाल्या, "मंदाताई, चोर पळाले ते बरंच झालं. पण आज गिऱ्हाईक पळालं."

दुसऱ्या दिवशी पाचला भाभी खाली आल्याच नाहीत. चहा उरला. मी वर गेले तर दार लोटलेलं, भाभी घरघंटी पुसत होत्या. ती आधीच चकचकीत होती. गाळ्याच्या मालकाचा निरोप आला होता, मोबाईल कव्हरवाला माप घेऊन गेला म्हणून. मी म्हटलं, "भाभी, माझं चुकलं." त्या म्हणाल्या, "बसा. चहा टाकते." त्यांनी तेवढंच म्हटलं, आणि मला ते लागलं.

*

चौदाव्या दिवशी एकाचा मेसेज आला. "मी आर्मीत आहे. आईसाठी घरघंटी पाहिजे."

पूर्वा म्हणाली, "झालं! ब्लॉक करा." कारण या लबाड लोकांचं सगळ्यात आवडतं सोंग म्हणजे फौजी. फोटो गणवेशातला, बोलणं देशभक्तीचं, आणि शेवटी कोड! सरसुद्धा म्हणाले, "वेळ घालवू नका."

भाभी म्हणाल्या, "आज मी विचारते." आणि त्यांनी एकच प्रश्न लिहिला. "बघायला कधी येता?"

उत्तर आलं, "उद्या रविवार आहे. आईला घेऊन येतो. बघणार तीच आहे."

रविवारी अकरा वाजता गेटवर छोटा टेम्पो थांबला. त्यातून उतरला एक उंच, बारीक केस कापलेला पोरगा, सचिन नावाचा, आणि त्याच्यामागून नऊवारीतल्या, काखेत पिशवी धरलेल्या त्याच्या आई. सासवडकडच्या गावातल्या. मी शपथ घेतली होती की काही विचारणार नाही. म्हणून फक्त गाव, शेती, म्हशी किती आणि मुलाचं लग्न ठरलंय का, एवढंच विचारलं.

आईंनी सगळी उत्तरं दिली आणि म्हणाल्या, "झालं इचारून? आता माझं." मग वर जाऊन भाभींना विचारायला लागल्या. गिरणी किती वर्षांची? जाळ्या किती हाईत? मोटर कधी बदलली? विकता कशापायी? भाभींनी गाळ्याचं सांगितलं. आईंनी पिशवीतून स्वतःची ज्वारी काढली आणि घरघंटीत ओतली. दळून झाल्यावर पीठ तळहातावर घेऊन गालाला लावून बघितलं. "गरम हुईत न्हाई. चांगली हाय." मग पाचशे रुपये कमी करून मागितले. साठे सर जिन्यातून पुटपुटले, "खरं गिऱ्हाईक आहे."

अडीचशेवर तोडगा निघाला. सचिनने घरघंटी टेम्पोत चढवली आणि फोनवरून पैसे पाठवले. त्याच्या फोनवर दिसलं, गेले. भाभींच्या फोनवर काही नाही. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली. पूर्वाने बघितलं, म्हणाली, "मध्येच अडकलेत. कधीकधी दोन-तीन तास लागतात."

सचिन आपल्या फोनचा स्क्रीनशॉट सगळ्यांना दाखवत होता, आणि असे स्क्रीनशॉट आम्ही पंधरा दिवसांत ढिगाने बघितले होते. भाभींच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. टेम्पोवाला म्हणाला, "मावशी, मला दुसरं भाडं आहे." आईंना धारेच्या वेळेला घरी पोचायचं होतं.

त्यांनी एकदा भाभींकडे बघितलं, एकदा टेम्पोकडे. मग माझी पार्किंगमधली लाल खुर्ची ओढली आणि मुलाला म्हणाल्या, "बस हितं."

"आई?"

"बस म्हणते ना. ह्या बाईचं दुकान अडलंय. पैसं दिसंपर्यंत तू हितनं हलायचं न्हाई. मी फोन करीन तवा उठायचं." आणि भाभींना म्हणाल्या, "पोरगा ठेवून चालले. गिरणीपरीस महाग हाय." टेम्पोत बसून निघून गेल्या!

आता आला का प्रश्न! साडेसहा फूट फौजी, आमच्या पार्किंगमध्ये गहाण. आधी सगळे लाजलो. मग मी पोहे केले. भाभींनी खीर आणली. सर खाली आले आणि त्याच्याशी सीमेवरच्या हवामानाबद्दल बोलता बोलता त्याच्याकडून ती व्यायामाची सायकल तिसऱ्या मजल्यावरून खाली आणवून घेतली. त्या कामालाही तो आधी "आईने हलू नको सांगितलंय" म्हणत होता. सर म्हणाले, "जिना आवारातच येतो."

तीन वाजून गेले आणि भाभींचा फोन वाजला. पैसे जमा! पूर्ण! भाभींनी मला मिठी मारली, पदराने डोळे पुसले, आणि चपला उलट्यासुलट्या घालून गाळ्याच्या मालकाकडे पळाल्या. आम्ही टाळ्या वाजवल्या.

मी म्हटलं, "सचिन, सुटलास रे बाबा! जा आता."

तो खुर्चीतच. "आईचा फोन नाही आला."

"अरे, तूच लाव की!"

"लावतोय. गावात रेंज नसते."

चार वाजले. चहा झाला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. आम्हाला वाटलं, आई. पण तो ताडकन उभा राहिला, टाचा जुळवल्या, छाती पुढे. "जय हिंद, सर!"

त्याचं बघून आम्हीही उभे राहिलो.

"नो सर... वारजे में हूँ, सर... नहीं सर, घर नहीं पहुँचा. माँ ने गिरवी रखा है, सर." जरा थांबून, "आटा चक्की के बदले, सर."

पलीकडून पैशांचं विचारलं असावं.

"जी सर, पैसे मिल गए उनको... नहीं सर, निकल नहीं सकता. माँ का ऑर्डर अभी नहीं आया, सर."

पलीकडचा काहीतरी एकच वाक्य बोलला. "यस सर!" म्हणून सचिनने फोन ठेवला आणि पुन्हा खुर्चीवर बसला.

मला राहवलं नाही. विचारलं, "साहेब काय म्हणाले रे?"

"म्हणाले, बैठे रहो."